दाजींचा लंगोट

उचगावात आमच्या गल्लीत बाळासो दाजींचं घर कुणाला विचारावं लागत नसे. दारातल्या दोरीवर लाल लंगोट वाळत असेल ते घर. लंगोट एकूण दोन. एक दोरीवर, एक दाजींवर.

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान नव्हेत. त्यांची बायको अस्मिता माझ्या कुरुंदवाडची, आमच्या घरापासून तिसऱ्या घरातली. शाळेत ती माझ्या मागं दोन वर्षं आणि मार्कांत माझ्या पुढं बरंच. मी शाहूपुरीत शेतीपंपाच्या दुकानात कामाला लागलो, खोली उचगावात मिळाली आणि ती निघाली नेमकी हिच्या भिंतीला भिंत लावून. त्या दिवसापासून मी तिचा दादा झालो, तिचा नवरा माझा दाजी आणि मी त्यांचा पावणा. या नात्यात चेष्टेचा हक्क आपोआप मिळतो. मी तो एक दिवसही वाया घालवलेला नाही.

दाजी दिसायला दाराएवढे. मान आणि खांदा यांच्यामधली हद्द पुसलेली, कान चुरगळलेले, मिशी अशी की बोलण्याआधी ती हलते. तेराव्या वर्षी तात्यांच्या तालमीत गेले. तात्या म्हणजे गावचे वस्ताद. शब्द एकदाच बोलणार आणि तो पोरांनी जन्मभर पाळायचा. त्यांनी मारुतीपुढं उभं करून दाजींना पहिला लंगोट बांधला आणि म्हणाले, "मी सांगेपर्यंत सोडायचा न्हाय."

चोविसाव्या वर्षी दाजींचा गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. जवळच्या फाउंड्रीत भट्टीवर नोकरी लागली. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, रोज आठ तास. लग्न झालं. पण तात्यांनी 'सोड' असं काही सांगितलं नाही, त्यामुळं लंगोट चालूच राहिला. रात्रंदिवस, घट्ट, दुहेरी, वरून कंपनीची जाड पँट. आंघोळीपुरता सुटायचा आणि लग्नानंतर आणखी एका कारणापुरता. ती सवलत त्यांनी तात्यांना विचारून घेतली होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. दाजींच्या आई बायडाबाई हे रोज सकाळी झाडलोट करताना गल्लीला सांगायच्या. अस्मिताच्या तपासण्यांची फाइल जाडजूड झाली होती. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळीत औषध सोडून फोटो झाला. सगळीकडं एकच शेरा, व्यवस्थित. पण बायडाबाईंचा कागदावर विश्वास नव्हता.

फेब्रुवारीत एकदा त्यांनी भिंतीवरून मला ऐकवलंच. "पावणं, तुमच्या भणीला सांगून ठेवा. गणपतीपतोर वाट बघणार. न्हाय काय झालं तर कुरुंदवाडच्या गाडीत बसवून देणार. दुसरी पोरगी बघून ठेवलीया मी."

मागं अस्मिता भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. फक्त एकच पातेलं बराच वेळ घासत राहिली.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "दाजींची तपासणी केली का?"

"डॉक्टरबाईंनी दोनदा चिठ्ठी दिली," ती म्हणाली. "दोनदा ह्यांनी खिशात ठिवली आणि दोनदा मी ती पँटीसकट धुतली."

मग मी दाजींना गाठलं.

"माझी तपासणी?" दाजींनी छाती बघितली, दंड बघितला, मिशीवरनं हात फिरवला. "मला काय झालंय? सगळं बेस चालू हाय की. विचार तुझ्या भणीला."

"ते विचारणं माझ्या नात्यात बसत नाही, दाजी. पण कागदावर आणा म्हणजे बायडामावशींचं तोंड बंद होईल."

त्यांना हे पटलं. आईनं अस्मिताला गाडीत बसवायची भाषा केल्यापासून ते नीट जेवत नव्हते. दोन भाकऱ्या कमी खायचे, म्हणजे चारच. म्हणाले, "बरं. पण तयारीला टाइम दे."

मला वाटलं, लाजतायत. तयारी म्हणजे मन घट्ट करणं असेल. डॉक्टरबाईंकडून आणलेल्या तिसऱ्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. दाजींनी ते वाचलं होतं. पण दोन ते सात हे साध्या माणसांसाठी, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तालमीत लहानपणापासून ऐकलेलं, की हा ऐवज जपावा तितका जोरदार होतो, एका थेंबामागं चाळीस थेंब रक्त असतं. मैदानाआधी दोन-दोन महिने याच हिशेबानं राहिलेला माणूस. त्यांनी गच्चीवर अंथरूण टाकलं, थंडाईला बदाम वाढवले आणि कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली.

अस्मिता नंतर कपाळावर हात मारून म्हणाली, "दादा, डॉक्टरबाईंनी कुठल्या दिवशी एकत्र राहायचं ते लिहून दिलतं. नेमके त्याच दिवशी ही स्वारी गच्चीवर. विचारलं तर म्हणायचे, तपासणी हाय."

एप्रिलच्या शेवटी आम्ही शाहूपुरीतल्या लॅबमध्ये गेलो. तिथं मौलाभाई होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, जाड चष्मा, सव्वीस वर्षं एकाच टेबलावर. डाव्या हातात टिकटिक करणारं मोजणीचं छोटं यंत्र आणि डोळा दुर्बिणीला. मी त्यांना आधीपासून ओळखत होतो, आमच्या दुकानासमोर एकाच गाड्यावर चहा व्हायचा. त्यांनी दाजींच्या हातात झाकणाची डबी दिली आणि आतली खोली दाखवली.

दाजी अर्ध्या तासानं बाहेर आले. घामानं शर्ट चिकटलेला. डबी रिकामी.

"पावणं," ते माझ्या कानात म्हणाले, "आपण उद्या येऊ."

मौलाभाईंनी ऐकलं. "पैलवान, बसा जरा. ही कुस्ती न्हाय. हितं जोर लावला की माणूस हरतोय."

"मला असं कवा झालं न्हाय," दाजी घाईनं म्हणाले.

"हितं सगळ्यांनाच होतंय. भीती वाटली की शरीराला वाटतंय, आता मारामारी नाहीतर पळापळ. मग ते रक्त हातापायाकडं पाठवतंय. आणि ह्या कामाला रक्त दुसरीकडं लागतंय. मन निवांत झालं की तिथल्या शिरा सैल पडत्यात, रक्त भरतंय, आणि बाहेर जायची वाट दाबली जातीय म्हणून ते तिथंच थांबतंय. एवढीच गंमत हाय. ताकद न्हाय, निवांतपणा. चहा घेऊन या."

दाजींनी दोन चहा घेतले, एक खारी खाल्ली आणि माझ्याकडून कुरुंदवाडच्या बासुंदीचं साग्रसंगीत वर्णन ऐकलं. परत गेले ते दहा मिनिटांत बाहेर. चेहऱ्यावर मैदान मारल्याचा आनंद. फक्त गुलाल नव्हता.

"बघा, केवढं हाय," असं म्हणून त्यांनी डबी मौलाभाईंकडं दिली.

"दिसतंय की," मौलाभाई म्हणाले. "पण पैलवान, ह्यात बहुतेक नुसतं पाणी असतंय. आतल्या दोन-तीन ग्रंथी ते तयार करत्यात. त्यात गोडवा असतोय, बीजाला वाटेत खायला. खरं बीज शंभरात चार-पाच भाग. डबी बघून काय कळत न्हाय. किती दिवसांचं अंतर?"

"एकोणपन्नास."

मौलाभाईंचं पेन थांबलं. "तास?"

"दिवस. कॅलेंडरवर फुल्या हायत."

मौलाभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या काविळीच्या तक्त्याकडं पाहिलं.

अर्ध्या तासानं, तो द्रव पातळ झाल्यावर, त्यांनी एक थेंब काचेवर घेतला. टिकटिक सुरू झाली. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "या, तुम्हीच बघा."

दाजींनी एवढी मोठी मान खाली घालून एवढ्याशा भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"किती हायत हो! मुंग्यांगत. पण हालंना झाल्यात. झोपल्यात काय?"

"न्हाय. वारल्यात."

दाजींनी डोळा काढला नाही.

"शंभरातले आठ हालालेत," मौलाभाई हळू आवाजात म्हणाले. "हे काय जोंधळं न्हवं, पोत्यात भरून ठेवायला. दुधागत असतंय. ताजं असंपर्यंत चांगलं. शरीर सेकंदाला हजारभर नवीन तयार करतंय, आणि जुनं पडून राहिलं की खराब होतंय, शरीरच ते मोडून टाकतंय. जपून ठेवलं म्हणून जोर वाढत न्हाय. दोन आठवड्यांनी परत या. चार दिवसांचं अंतर. चारच."

दुसऱ्या वेळी दाजी तयारीतले वाटले. खारीसुद्धा स्वतः सोबत घेऊन आले. निकालही सुधारला होता, शंभरात पस्तीस हलत होते. पण मौलाभाईंची टिकटिक यावेळी फारच लवकर थांबली. एका मिलिलिटरमध्ये निदान दीड-पावणेदोन कोटी हवेत, ते म्हणाले. यांच्यात साठ लाख.

"तंबाखू?"

"न्हाय."

"बॉडी करायला कधी इंजेक्शनं घेतलीसा?"

"तात्यांनी जीव घेतला असता."

"काम काय करता?"

"भट्टीवर."

मौलाभाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि आतनं काय घालता?"

दाजी मिशीवरनं हात फिरवायला लागले. उत्तर मला द्यावं लागलं. "लंगोट. अठरा वर्षं. तात्या सोड म्हणाले नाहीत."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पैलवान, काळीज बरगड्यांच्या आत हाय, किडनी आत हाय. मग ही दोनच वरच्यानं बाहेर का टांगली? कारण बीजाला गारवा लागतोय. अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी. थंडीत ती वर येत्यात, उन्हात खाली जात्यात. वरखाली करून आपलीआपण गारवा सांभाळत्यात. तुम्ही ती अठरा वर्षं आवळून अंगाला बांधून ठेवली, आणि वर समोर भट्टी."

"पण बाकी सगळं चालतंय की माझं!" दाजी म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. "ताकद हाय. मिशी हाय. ते... ते पण हाय."

"तुमच्या कंपनीत खाती किती?"

"लई हायत. भट्टी, मोल्डिंग, फेटलिंग..."

"मग ह्या कंपनीत दोन हायत. एक खातं रक्तात रस सोडतंय. मिशी, आवाज, इच्छा, सगळी त्याची. ते उष्णतेला तेवढं भीत न्हाय. बीजाचं खातं वेगळं, ते लई नाजूक. एक जोरात चालालंय म्हणून दुसरं पण चालालंय असं न्हाय. आणि दुसरं मंद झालं म्हणून तुम्ही काय कमी मर्द होत न्हाय. नुसतं एक खातं तापलंय."

डॉक्टरबाईंनी अहवाल पाहून तेच सांगितलं, अधिक एक रक्ताची चाचणी लिहिली. ती ठीक आली. लंगोट बंद, सैल सुती कपडे, जमलं तर भट्टीवरून बदली. बीज तयार व्हायला सत्तरेक दिवस, मग कित्येक मीटर लांबीच्या वेटोळ्या नळीतून जाताना पोहायला शिकायला आणखी आठ-पंधरा दिवस. म्हणजे तीन महिन्यांनी परत मोजायचं. खात्री देता येत नाही, पण सुधारतं बऱ्याच जणांचं.

येताना दाजी गाडीवर माझ्या मागं बसले होते. उचगावचा पूल आला. मग म्हणाले, "आईला तू सांगशील?"

"नाही. मी सांगितलं तर माहेरच्या माणसानं खोटं रचलं असं म्हणतील. मग अस्मिता गेलीच."

गाडीनं पूल ओलांडला. मग म्हणाले, "तालमीकडं घे. आदी तात्यांना इचारायला पायजे."

हसू नका. मीही हसलो नाही. निदान आवाज येऊ दिला नाही. शब्द दिला होता, तो सोडवून घेतल्याशिवाय हा माणूस लंगोट सोडणार नव्हता, डॉक्टर काही म्हणोत.

तात्या तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, एक कान कायमचा बंद आणि दुसरा मर्जीवर. आत हौद्यात दहा-बारा पोरं मातीत मेहनत करत होती. दाजी पायाशी बसले.

"तात्या, लंगोट सोडू का?"

"आँ?"

"लंगोट सोडू का म्हणलं."

"का रं? काय झालं?"

दाजींनी इकडंतिकडं बघितलं. हौद्यात धपाधप चालू होतं. ते तात्यांच्या कानाशी गेले आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल मर्दा, बाईगत काय बोलालायस?"

  दाजींनी मांडीवर हात ठेवले, कुस्तीला उभं राहण्याआधी ठेवतात तसे, आणि ओरडले.

"पोर हुईना, तात्या! आणि दोष माझ्यात हाय! अस्मितात न्हाय! डॉक्टर म्हणत्यात लंगोट सोडा!"

हौद्यातली धपधप थांबली. एक पोरगं दुसऱ्याच्या पाठीवर होतं, ते तिथंच राहिलं. बाहेर म्हशी घेऊन चाललेली बाई थांबली. म्हशीसुद्धा.

तात्यांनी दाजींकडं बघितलं. मग विचारलं, "तू अजून घालतोयस?"

"तुमी सोड म्हणला न्हाईसा."

"कुस्ती सोडून किती वर्सं झाली?"

"सात."

"आगं आई गं," तात्या म्हणाले. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सांगायला पायजे हुतं. इसरलो की मर्दा. आरं, मी बी तालमीपुरताच घालत हुतो. घरी गेलं की लुंगी. पाच पोरं काय उगंच झाली?"

 अठरा वर्षांत हे दाजींना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"सोड," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग हौद्याकडं तोंड करून गरजले, "आणि तुमी काय बघालाय रं? तालमीभायेर कोण लंगोट घालून फिरंल तर तंगडी मोडीन!"

तालमीपासून घर चालत पाच मिनिटं, गाडीवर दोन. आम्ही दोन मिनिटांत पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. म्हशीवाली बाई आमच्याच गल्लीतली. बायडाबाई दारात उभ्या होत्या. अस्मिता आत चुलीपाशी, पिठाच्या हातानं.

"चौकातनं ऐकून आले," बायडाबाई म्हणाल्या. "खरं काय?"

मला वाटलं, एकदा ओरडून झाल्यावर आता सोपं जाईल. पण तात्यांना सांगणं वेगळं आणि आईच्या डोळ्यांत बघून सांगणं वेगळं. दाजींनी खिशातला अहवाल काढला. आईला वाचता येत नव्हतं, तरी तिच्या हातात दिला.

"खरं हाय. हिच्यात काय न्हाय. पयल्यापासनंच न्हवतं. तू हिला गाडीत बसवलीस तर मी बी बसणार."

बायडाबाईंनी कागद उलटासुलटा केला. "चार वर्सं सुया टोचून घेतल्या हिनं. तुला एक डबी जड झालती व्हय रं?"

दाजींनी मान खाली घातली. आतून अस्मिता म्हणाली, "जाऊ दे आत्ती. आले न्हवं आता."

"तू गप गं." बायडाबाई आत गेल्या. माफी वगैरे त्यांच्या तोंडात बसणारी गोष्ट नव्हती. त्यांनी सुनेच्या हातातली परात ओढून घेतली. "सर. बस तितं. भाकरी मी टाकते आज."

त्या संध्याकाळी दाजींनी सहा भाकऱ्या खाल्ल्या. मी भिंतीपलीकडून थापटण्याचे आवाज मोजले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही लंगोट धुऊन तालमीतल्या खुंटीवर गेले. दोरीवर आल्या निळ्या पट्ट्यांच्या सैल चड्ड्या, प्रत्येकीत एक माणूस आणि थोडा वारा सहज मावेल अशा. गल्लीला पत्ता सांगायची नवी खूण झाली. दाजी सुपरवायझरला भेटून भट्टीवरून माल चढवायच्या खात्यात आले. पहिले आठ दिवस त्यांना रस्त्यानं चालताना कपडेच घातले नाहीत असं वाटायचं आणि ते सारखे मागं वळून बघायचे. गच्चीवरचं अंथरूण खाली आलं. बायडाबाईंनी बघून ठेवलेल्या पोरीच्या घरी निरोप गेला की वाट बघू नका.

ऑगस्टच्या मध्याला मौलाभाईंनी पुन्हा टिकटिक केली. यावेळी ती इतका वेळ चालली की मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. एक कोटी ऐंशी लाख, शंभरात सेहेचाळीस हालचाल करणारे. "पास," मौलाभाई म्हणाले. "पहिला वर्ग न्हाय, पण पास. पुढचं नशिबाचं आणि निवांतपणाचं." दाजींनी परत भिंगाला डोळा लावला आणि "अरं, पळालेत की! तो बघा, तो बघा!" असं कुस्तीच्या मैदानाबाहेर उभं राहिल्यासारखं ओरडायला लागले. बाहेर रक्त द्यायला बसलेले लोक उठून बघायला आले, तेव्हा मी दार लावून घेतलं.

गणपतीला मी गावी जातो. यंदा अस्मितालाही सोबत नेली. म्हणजे बायडाबाईंनी म्हटल्याप्रमाणं ती गणपतीत कुरुंदवाडच्या गाडीत बसलीच. स्टँडवर सोडायला त्या स्वतः आल्या होत्या. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, चकल्या आणि माझ्या आईसाठी लुगडं. अजून काही गोड बातमी नव्हती आणि त्यांनी ती विचारलीही नव्हती. गाडी सुटायच्या वेळी त्यांनी खिडकीची कड धरली.

"गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी माघारी यायचं. वर चार दिस ऱ्हायलीस तर बघ."

"काय कराल आत्ती?"

बायडाबाईंनी मागं उभ्या असलेल्या दाजींकडं बोट केलं.

"ह्याला परत लंगोट घालून न्यायला पाठवीन."